निकेलभोवती चार बटाटे

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि वहिनीचे दात जागच्या जागी असावेत.

माझं म्हणशील तर मी रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेत नापास झाले. लग्नापायी सुटलेली पदवी बावन्नाव्या वर्षी पुरी करायला निघाले तेव्हा तू हसला होतास. आता पोटभर हसून घे, मग पुढचं वाच.

विषय असा, की धातूच्या अणूभोवती बाकीची मंडळी कशी बसतील ते आधीच ओळखायचं. सहा असली तर अष्टफलकी. (नाव आठाचं आणि टोकं सहा! मोजून पाहिलं, तोंडं मात्र आठ भरतात.) मी बटाटे आणि विणायच्या सुया घेऊन सगळे आकार बनवले. ह्यांनी त्यातला एक कोबाल्ट उकडून खाल्ला, तरी मी हटले नाही.

परीक्षेला समोर एक तरुण बाई, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. "निकेलभोवती चार सायनाइड. आकार?"

मी ठोकून दिलं, "चतुष्फलकी! चौघं एकमेकांपासून जमेल तितकी लांब बसणार."

"क्लोराइड असते तर बसले असते, काकू. सायनाइड दांडगे. ते निकेलच्या इलेक्ट्रॉनांना जोड्या करून दाटीवाटीनं बसवतात, जागा रिकामी करून घेतात आणि चौकोनात सपाट बसतात."

मला काही पटेना. पिशवीतून बटाटे काढून मी वाद घातला. (एक सायनाइड टेबलाखाली घरंगळला, तो शोधायला दोघी वाकलो आणि डोक्यावर डोकं आपटलं.) तिनं कपाळ चोळत शून्य दिलं.

रडले नाही. घरी येऊन पुस्तक उघडलं, तर तिचंच खरं! नुसती डोकी मोजून भागत नाही, आलंय कोण तेही बघावं लागतं. (चार नणंदा सांभाळलेल्या बाईला हे आधी सुचू नये!) पुढच्या महिन्यात फेरपरीक्षा आहे. आता कुठलाही आकार डोळे मिटून सांगते. ह्यांनी तर बटाट्याचा धसकाच घेतलाय.

तुझी धाकटी बहीण

ता. क. निघताना तिनं दारात गाठून हळूच विचारलं, "आत्या, मला ओळखलं नाहीत?" तुझ्या चिरंजीवांनी पसंत केलेली मुलगी ती हीच! (फोटोत केस मोकळे होते, मी कशी ओळखणार?) तिच्याकडे माझ्यासाठी शब्द टाकशील तर खबरदार.

आणखी एक. लग्न मात्र फेरपरीक्षेनंतरचंच धर. एकदा ती सून झाली की कॉलेज तिला माझी परीक्षा घेऊ देणार नाही. आणि ओळखूनही जिनं मला नापास केलं, तिच्याच हातून मला पास व्हायचंय.