शब्द अडला ती जागा

अब्बा,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आज हे मराठीत लिहायला बसलोय ते माझ्या डोक्याबद्दल. घाबरू नका, बरा आहे. आज सकाळीच अमरावतीच्या भाजीबाजारात तुमच्या जागेवर उभा राहून मेथीचा हर्रास केला, बोली पुकारत घसा बसेपर्यंत ओरडलो.

नापिकीच्या त्या वाईट वर्षांत डोक्यात गाठ निघाली. माल कमी, माणसं आधीच खचलेली. त्यात हर्रास करणाऱ्याची जीभच गेली तर घर चालायचं कशावर? गाठ नेमकी बोलण्याच्या जागेजवळ होती. नागपूरच्या दवाखान्यात म्हणाले, ऑपरेशनच्या आधी कवटी न उघडता ती जागा शोधून काढू.

आधी मोठ्या मशीनच्या बोगद्यात झोपवलं. चित्र दिसलं की नाव मनातल्या मनात घ्यायचं, ओठसुद्धा हलवायचा नाही. घ्या आता! वांगं दिसलं की माझं तोंड उघडतंच. लहानपणी बाजारात जरा हळू बोललो की तुम्ही सगळ्यांदेखत खेकसायचात, "काहून पुटपुटून राहिला बे? मोकया आवाजानं बोल!" ती सवय आता काय सुटते? डोकं हललं, फोटो पुसट आला. बोलण्याची जागा इकडेही दिसे, तिकडेही. मग खुर्चीत बसवून डोक्यावर चुंबक धरलं. ते टकटक वाजायचं, टिचकी मारल्यासारखं लागायचं, पण इथे मोठ्यानं बोलायची मुभा होती. मी खूश! कांदा, भेंडी, छत्री म्हणत सुटलो. आणि एका जागी वांगं डोळ्यांसमोर असून शब्दच येईना. अब्बा, मी नुसतं वांग्याकडे बोट दाखवत राहिलो हो. चुंबक हटलं तेव्हा कुठे शब्द आला.

डॉक्टरबाई अकोल्याच्या, जठारपेठेतल्या, बोलणं अगदी आपल्यासारखं. म्हणाल्या, "बोलताना डोक्यात जे जे कामाले लागते, ते सारं मशीनमधी दिसते. कोणत्या जागेबिगर तुमचं अडते, ते चुंबक सांगते. तुमच्या बाबतीत मी चुंबकावर भरवसा ठेवीन." मग त्याच जागी चुंबक धरून त्यांनी तीच चित्रं आपल्या घरच्या उर्दूत विचारली. बैंगन झटकन आलं! पुन्हा पुन्हा पाहिलं, अडत होती ती मराठीच. गाठीचा एक तुकडा त्या जागेला चिकटलेला होता. "काढला तर मराठी जाऊ शकते, ठेवला तर तो वाढू शकते. तुमीच सांगा."

घरचे म्हणाले, जीव मोठा, काढून टाका, घरची जबान तर राहतेच आहे. मी म्हटलं, राहू द्या तो तुकडा. सगळे चिडले. बाकीची गाठ ऑपरेशनमध्ये काढली. दर वर्षी तपासणीला जातो, तो अजून जसाच्या तसा आहे, आणि मी मजेत आहे.

घरी सांगितलं, धंद्यासाठी ठेवला. ते निमित्त होतं. घरी तुम्ही गप्पच असायचात. माझं कौतुक केलंत ते एकदाच, तेही बाजारात, शेजारच्या अडत्याजवळ: "पोट्टं तयार झालं." ते मला परक्या भाषेतलं होऊ द्यायचं नव्हतं. हे कोणाला बोललो नाही, आणि तुम्हाला तरी कुठे सांगतोय? तुम्हाला वाचता यायची ती फक्त उर्दू.