आत्याच्या कपाटाचं खालचं दार

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आतोबांचा खोकला? आणि कपाट? (‘कपाटाचं आपलं सहज विचारलं’ असं आधी लिहिलं होतं, ते खोटं वाटलं म्हणून खोडलं.)

आजोबा तळावर ज्याची देखभाल करायचे, ते युद्धातलं विमान आमच्या संग्रहालयात आलंय. त्याला मूळचाच रंग द्यायचा आणि तो मी शोधायचा, असं ठरलं. पाणी लावून बारीक पॉलिश पेपर घासला की रंगाचे थर एकाखाली एक उलगडतात. हिरवा निघाला, करडा निघाला आणि सगळ्यांत खाली, पत्र्याला चिकटून, गुलाबी. मी दुसरीकडे घासलं. गुलाबीच. रंगारी म्हणाले, “साहेब, हे लढाईला निघालं होतं की लग्नाला?” मी समजावलं, पहाटेच्या तांबूस आकाशात गुलाबी विमान दिसत नाही. संचालक म्हणाले, “आता मात्र गावभर दिसेल.” शनिवारपर्यंत पुरावा आणा, नाहीतर सोमवारी हिरवा मारतो, असं त्यांनी बजावलंय. (त्यांच्या जागी मी असतो तर? बहुधा मीही हिरवाच मारला असता. हा विचार काही सुचू देत नाही.)

विमानावरचा गुलाबी पार विटलेला. मला न विटलेला नमुना हवा होता. आणि परवा तुझ्याकडे जेवताना तो समोरच उभा, आजोबांनी तुला करून दिलेलं गुलाबी कपाट! खालचं दार उघडून मी आतल्या बाजूला गाल लावून बसलो, तेव्हा मला आजोबांची आठवण आली असं तुला वाटलं. तू डोळे पुसलेस. मी भिंग खिशात घातलं.

त्या दारावर आतून इंग्रजीत ‘येथे पाय देऊ नये’ असं छापलंय. आपण ती आजोबांची शिस्त समजत आलो. दारावर पाय देणार कोण, हा प्रश्न तीन पिढ्यांत कुणालाही पडला नाही. आत्या, विमानाच्या पंखावरचा एक पत्रा गायब आहे. मी माप घेतलं. तुझ्या दाराएवढाच.

आजोबांनी हा रंग खास तुझ्यासाठी मिळवला, असं तू नेहमी सांगतेस आणि माझे वडील नेहमी हसतात. यापुढे हसणार नाहीत. त्यांना नुसतं हिरवं स्टूल मिळालं. तुझ्यासाठी आजोबांनी विमान उघडं पाडलं.

तेव्हा त्या दाराचा नखाएवढा रंग खरवडू देशील का?

तुझा (आजवर) आज्ञाधारक,
भाचा

ता. क. नखाएवढा म्हणालो, कारण एकदम सांगायचा धीर होईना. दारच हवंय.

ता. क. दुसरा. हे पत्र घेऊन आलेले गृहस्थ आमचे रंगारी. त्यांना चहा दे. पिशवीत पेचकस दिसला तर घाबरू नकोस. तू हो म्हणेपर्यंत तो बाहेर काढायचा नाही, असं मी त्यांना तीनतीनदा सांगितलंय. बदली दार सोबत पाठवलंय. (हिरवं आहे. संचालकांनी डबा आधीच उघडला होता.) त्याच्याही आतून ‘येथे पाय देऊ नये’ छापून घेतलंय. घरातली शिस्त मोडायला नको.