तुझ्या कोबीची खुशाली

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

तुझे गुडघे, लेकीचं बाळंतपण आणि जावयाचा स्वभाव, तिन्ही सुरळीत असतील अशी आशा करतो. इकडे लोकांची घड्याळं नेमाने बिघडताहेत, त्यामुळे माझंही दुकान बरं चाललंय.

आता कोबी. ‘नुसतं पाणी घाल, डोकं चालवू नकोस,’ असं तू बजावून गेलीस. पण आठवड्याभरात पानांना काचेसारख्या खिडक्या पडल्या (हिरवा भाग खरवडलेला, वर नुसता पापुद्रा). दुकानातलं भिंग डोळ्याला लावून पानं उलटली, तर खाली बारीक हिरव्या अळ्या! बोट लागलं की वळवळत मागे सरकतात आणि धाग्याला लोंबकळत खाली उतरतात. शेजारी इवलेइवले पांढरे दाणे. ही यांचीच अंडी, असं ठरवून मी ती चिमट्याने टिपली (हात स्थिर आहे माझा, तुला ठाऊकच आहे) आणि साबणाच्या पाण्यात बुडवली. मग नमुना डबीत घालून ऐटीत शेतकी कचेरीत गेलो. तिथल्या कीडवाल्या बाईंनी (वय माझ्याच आसपास, चष्मा कपाळावर, आवाज हेडमास्तरांचा) डबी उघडून विचारलं, “असे किती मारलेत?”

“दोनशे!” मी छाती काढून म्हणालो.

“अहो, अळीला आतून खाणाऱ्या माशीचे कोश हे! आपलेच शिपाई बुडवलेत तुम्ही.”

इतका ओशाळलो, की बाईंना दया आली आणि त्या स्वतःच परसात आल्या. कडेने मोहरीच्या कुंड्या मांडल्या (या अळ्यांचे पतंग मोहरीवर भाळतात आणि अंडी तिथेच घालतात), निंबोळी अर्क पानांच्या खालच्या बाजूने फवारायला शिकवलं, उरल्यासुरल्या कोशांना हात लावायची बंदी केली. तेव्हापासून दर गुरुवारी येतात. त्यांचं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे. मी ते मुद्दाम दुरुस्त केलेलं नाही. कचेरी सुटली की येतात, निघतात मात्र त्या घड्याळावर, तेवढ्या जास्त बसतात. पन्नाशीपर्यंत मी कुणाची वाट पाहिली नव्हती ताई, आता बुधवारीच दाढी करून ठेवतो.

परवा पानं उलटून बघत त्या म्हणाल्या, “कीड आली आटोक्यात. आता माझं इथे काही काम नाही.” मी आभार मानले. जेवण मात्र गेलं नाही.

तुझा,
(कोबी सोडून सर्व बाबतींत) आज्ञाधारक भाऊ

ता. क. : साठांपैकी एकेचाळीस गड्डे शाबूत आहेत. बाकीच्यांबद्दल समक्ष बोलू. घाई नाही, बाळ जरा मोठं होऊ दे.

ता. क. २ : तिकडे कुणाच्या कोबीवर त्या मागे सरकणाऱ्या अळ्या दिसल्या, तर दहाबारा जिवंत पाठव. डबीला भोकं पाड, आणि बुधवारच्या आत पोचतील असं बघ.