वीतभर व्रण

चि. सूनबाईस आशीर्वाद, तो द्यायचा हक्क उरला असेल तर.

एकाच घरात राहून पत्र लिहितोय, कारण समोर बोलायला तोंड नाही. नातवाला मुतखडा झालाय म्हणालीस, तेव्हा मी हसलो. "दोन वर्षांच्या पोराला कसला मुतखडा?"

"बाबा, पाठीला बारीक छिद्र पाडून दुर्बिणीने काढतात."

मी सदरा वर करून माझ्या मुतखड्याच्या जुन्या ऑपरेशनचा वीतभर व्रण दाखवला. "असं चिरतात! छिद्रबिद्र सगळ्या थापा." तू घाबरलीस, तारीख रद्द केलीस. पुढे महिनाभर पोर लघवी करताना किंचाळायचं आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. शेवटी मला न विचारता तूच त्याला ऑपरेशनला घेऊन गेलीस.

काल तू आंघोळीला गेल्यावर मी चोरून त्याची पाठ पाहिली. जन्मभर शिंपीकाम केलं, पण चिरल्याची खूण कुठे दिसेना. बटणाएवढी पट्टी तेवढी होती. त्याने ती उपटली, माझा सदरा वर केला, माझ्या व्रणावर चिकटवली आणि तू घालतेस तशी फुंकर घातली.

पट्टी कुठे गेली म्हणून तू घरभर शोधत होतीस. ती अजून माझ्या अंगावर आहे.

तुझा सासरा