दातमायचे गोल दात

सिरोंचा, जि. चांदा
१२ जानेवारी १९५७

प्रिय देवा,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेलं लुगडं पोचलं. रंग छान आहे, काठ रुंद आहे, आणि नेसायचं मन होत नाही. तुला नोकरी लागली तेव्हा तू लुगडं आणलं नव्हतंस आणि माझी तक्रारही नव्हती. म्हणून पुडकं सोडलं तेव्हा पहिला विचार आला तो हाच, की देवाने हे आत्ताच का पाठवलं? तू म्हणशील, बहीण पडली मास्तरीण, वर्गात नकला पकडायची सवय, तिला घरातही चोरच दिसतात. असेल तसं.

परवा हेडमास्तरांनी नागपूरचं वर्तमानपत्र आणून वर्गावर्गात तुझी बातमी वाचून दाखवली. सिरोंच्याजवळ मिळालेल्या, दगड झालेल्या प्राचीन जबड्यात दोन तऱ्हेचे दात, प्राध्यापक लवकरच परिषदेत निबंध वाचणार. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण मला आठवत होतं ते तुझं मोटार स्टँडवरचं बोलणं. दिवाळीत परत जाताना जबड्याची पेटी टपावर चढवून तू गाडीत बसलास आणि खिडकीतून म्हणालास, "कोणी विचारायला आलं तर सांग, लटारूनं दिला तेव्हा जबडा असाच होता." मी काही विचारलं नव्हतं, रे. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर जो पोरगा आधीच देतो, त्याची पाटी मी नेहमी उलटून बघते.

दिवाळीच्या सुटीत तू किती खुशीत होतास! मागच्या पडवीत गोणपाटावर नदीवर मासे धरणाऱ्या लटारू ढिवराकडून आणलेला तो जबडा मांडलेला, आणि रात्री जेवताना तुझं व्याख्यान. जमिनीवरचे सरपटणारे प्राणी कोट्यवधी वर्षांपूर्वी पुन्हा समुद्रात उतरले आणि तिथे पोट भरायच्या निरनिराळ्या रीती शिकले. ताटातला मासा उचलून तू दाखवलंस. निसटता मासा धरायचा तर जबडा लांब हवा आणि दात सुईसारखे, एकमेकांत अडकणारे. शिंपले फोडायचे तर दात बुटके, गोल, खलबत्त्यासारखे. मोठं जनावर फाडायचं तर दाताला पात्याची धार. कुणी दातांची चाळण करून चिखलातलं बारीकसारीक गाळून खाल्लं. मी म्हटलं, म्हणजे एका पंगतीत बसायचं तर प्रत्येकाने आपलं ताट वेगळं मांडलं. तुला ते फार आवडलं. तू म्हणालास, "बाई, ह्यानं दोन ताटं मांडली आहेत. पुढे सुया, मागे खलबत्ता." दोन तऱ्हेचे दात असलेले प्राणी परदेशांत सापडले आहेत, इकडे कोणाला मिळाले नव्हते, असंही सांगितलंस. दुसऱ्याच दिवशी कॉलेजात तार केलीस.

मग एका दुपारी मी शाळेतून आले तर घरात जैनबबीच्या अंगणासारखा वास. ती बांगड्यांसाठी लाख तापवते तेव्हा येतो ना, तोच. चुलीवर तुझी सुरी, तिच्या टोकाला लालसर तकाकी. तू म्हणालास, जबडा गुंडाळायचं प्लास्टर वाळवतो आहे. प्लास्टरला असा वास येत नाही हे मला कळत होतं, पण शास्त्र तुझं, म्हणून मी स्वयंपाकाला लागले. त्या रात्री तू मासा नुसता चिवडलास. सुटी शिल्लक असताना निघून गेलास.

बातमी ऐकल्यावर हे सगळं एकापुढे एक उभं राहिलं, आणि खरं सांगते, आधी माझा संशय लटारूवर गेला. वाटलं, ह्या ढिवराने माझ्या सरळ भावाला चिकटवलेले दात दिले. काल शाळा सुटताच तणतणत ढिवरटोल्यावर गेले. लटारू जाळं शिवत बसला होता. मी त्याला नाही नाही ते बोलले. त्याने सुई खाली ठेवली आणि म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमी पोराइलेबी असंच मारता का, न इचारता?"

आतून त्याची बायको सुकरी बाहेर आली. गाल सुजलेला, फडक्याने बांधलेला, तरी हसत होती. म्हणाली, "बाई, गोल दात तं आमीच लावतो! ज्याची दाढ ठणकते, त्यानं नाल्यातून गोल दात आनाचा, लाख तापवाची, अन् दातमायच्या रित्या खाचेत बसवाचा. मंग आपली दाढ उगी राह्यते. माह्या सासूचा हाय त्यात, माहाबी हाय." नदीकाठच्या जांभळीखाली तो जबडा त्यांच्या आज्याच्या वेळेपासून होता. दातमाय म्हणतात त्याला. आणि नाल्यातले ते गोल दात कसल्याशा जुन्या माशाचे, असं तूच मला एकदा सांगितलं होतंस. पोरं ते गोट्यांसारखे खेळतात.

मला हायसं वाटलं, देवा. कोणीच कोणाला फसवलं नव्हतं. लटारूने देव दिला, तू जनावर समजलास, एवढंच. तुला ताबडतोब कळवावं म्हणून मी उठलेच होते, तेवढ्यात लटारू म्हणाला, "काऊन बाई, तुमच्या भावाले तं ठावं हाय. लाखेचा तुकडा घेऊन आलते इचाराले. मी समदं सांगतलं. मुंडी खाली घालून आयकलं अन् गेले."

तिथून मी हेडमास्तरांकडे गेले आणि ते वर्तमानपत्र मागून घरी आणलं. लाख तू खरवडून काढलीस, हे समजू शकते, ते तुझं कामच. पण मग ते दात पुन्हा तिथे बसले कसे? वर्तमानपत्रातल्या चित्रात ते बसलेले आहेत. कशाने बसवलेस, ते विचारत नाही. तार आधीच गेली होती, कॉलेजातले वरचे लोक खूश झाले होते, सगळं मला दिसतं. तोवरची चूक कोणाचीही झाली असती. पण कोणी विचारलं तर लटारूचं नाव सांग, हे तू चुकून बोलला नाहीस. उद्या कोणाला लाखेची खूण दिसली, तर फसवणारा म्हणून त्याचं नाव पुढे करायचं, एवढा विचार तू करून ठेवलास. त्या माणसाने देव उचलून दिला तो विकत नाही, तुला अभ्यासापुरता उसना. महाशिवरात्रीपर्यंत परत आणतो असा शब्द तू दिला होतास, हेही मला कालच कळलं. सुकरीची दाढ महिनाभर ठणकते आहे आणि ती रोज जांभळीखालची रिकामी जागा बघून येते.

आता हे पत्र घाईने का लिहिते ते ऐक. आज सकाळी कलकत्त्याचे एक वयस्क साहेब इथे उतरले आहेत. तुझा निबंध परिषदेत घ्यायचा की नाही हे ते ठरवणार. जबडा कुठे होता ते त्यांना बघायचं आहे, लटारूशी बोलायचं आहे. त्यांना हिंदी येतं, लटारूची बोली कळत नाही, म्हणून दुभाषी म्हणून मला बोलावलं. लटारू जे बोलेल ते मी शब्द न गाळता सांगणार आहे. त्यांना उद्याच जायचं होतं. मी म्हटलं, शाळेची तपासणी आहे, येत्या शुक्रवारी जाऊ. तपासणी कसलीही नाही. तुझ्यासाठी एवढी एकच लबाडी मला जमली. तोवर ते नाल्यातले दगड बघत फिरणार आहेत, आणि तिथे गोल दात पायाखाली येतात, हे तुला माहीत आहे. संध्याकाळच्या मोटारीने पत्र निघतं आहे. शुक्रवारच्या आधी निबंध मागे घेतल्याची तुझी तार साहेबांच्या हाती पडली, तर लटारूच्या अंगणात मला फक्त दातमायची गोष्ट सांगावी लागेल. नाही पडली, तर तुझीही सांगावी लागेल. लुगडं तू आलास की नेसेन. येताना जबडा घेऊन ये.

तुझीच,
वच्छाबाई