सोडली म्हणजे दिली नव्हे

पुकेरिमु, ८ मार्च १८६८

चि. सौ. रिपेका हिस, पारातेनेचे अ. आ. आणि तितक्याच तक्रारी.

आज पहाटे पुन्हा तोच आवाज कानात घुमला. ठण्ण... ठण्ण... मिशनच्या शाळेला घंटा नव्हती, म्हणून पाद्रीबाबांनी एका निकामी बंदुकीची नळी झाडाला टांगली होती. ती वाजली की आपण ओल्या पायांनी नदीकाठानं धावत सुटायचो. तू पाटी विसरायचीस आणि मी न्याहारी. कविता मात्र मी एकही विसरलो नाही. बंदुकीचा उपयोग मुलांना कवितेला बोलावण्यापुरताच असतो, अशी माझी तेव्हा प्रामाणिक समजूत होती.

आता कामाचं. जमिनीच्या कोर्टाची नोटीस आली आहे. कॅप्टन हॅलमनं त्याच्या बापानं बांधलेली पाणचक्कीच नव्हे, तर अख्खा काठ मागितला आहे. आपली घरं, रताळ्यांचे वाफे, आईबाबांना पुरलं ती जागा, सगळं. म्हणे त्याच्या बापाला आपल्या बाबांनी तो देऊन टाकला. सुनावणी तुमच्या बंदरात, एप्रिलमध्ये. म्हणजे वाम मासे समुद्राकडे उतरतात त्याच दिवसांत, वर्षाची बेगमी करायच्या वेळी. जो हजर नाही त्याचा हक्क नाही. आणि तिथं येऊन सिद्ध काय करायचं? तर आपण इथं राहतो! इथं राहतो हे सांगण्यासाठी इथून उठून जायचं. हा विनोद कुणी केला असता तर मी पोट धरून हसलो असतो.

ज्याची चूल पेटती त्याची जमीन, हा आपला जुना कायदा. कोर्ट म्हणतं, आम्हीही तोच पाहतो. मग सगळं गाव बंदरात बोलावून चुली विझवायच्या आणि वर विचारायचं की धूर कुठं आहे? अगं, फिर्यादी हॅलम, इथल्या शिबंदीचा कॅप्टनही हॅलम, आणि न्यायाधीश बंदरात उतरणार तो हॅलमच्याच घरी. दाद मागायची तरी कुणाकडे? त्याच्या आचाऱ्याकडे?

म्हणून ठरवलंय. बाकी सगळे येतील, मी चुलीपाशी थांबेन. साक्ष तू दे. बाबा म्हाताऱ्या हॅलमशी बोलले तेव्हा मी शेजारी उभा होतो आणि तू माझ्या पाठुंगळी होतीस. जीभ तर तुझी माझ्याहून धारदार.

तुझ्या रावीरीला आशीर्वाद. शिबंदीचा सरकारी कोट अंगावर चढवल्यापासून मामाला ओळख देतो का, ते विचार. लोभ आहेच. पावसानं पत्र भिजलं तरी तो पुसू नकोस.

तुझा पारातेने

बंदर, १५ एप्रिल

ती. पारातेनेदादांस, रिपेकाचा शि. सा. न. वि. वि.

आपली माणसं पोचली. कोर्टामागच्या चिखलात तंबू ठोकलेत. पोरं खोकताहेत, म्हाताऱ्यांना बटाटे गिळवत नाहीत, आणि तिकडे आपले मासे कुणी न धरता समुद्राला मिळताहेत. रोज सकाळी एकेकाचं नाव पुकारतात. ओ दिली नाही की वाटा गेला. माणसं शौचालाही धावत जाऊन धावत येतात. हसू नका.

काल माझी साक्ष झाली. बाबांचे शब्द मी जसेच्या तसे सांगितले. बाबा म्हणाले होते, हा काठ मी तुला ‘तुकू’ करतो, गहू दळ, आमचाही दळून दे. दुभाषा उभा राहिला आणि साहेबांना म्हणाला, बापानं जमीन विकली. दादा, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! तुकू म्हणजे विकणं? मी तिथंच ओरडले. म्हटलं, आम्ही वाम माशांची टोपली दोरानं नदीत सोडतो, त्याला तुकू म्हणतो. म्हणून काय टोपली नदीच्या मालकीची झाली? दोराचं टोक आमच्या हातात असतं. सकाळी ओढून घेतो. ज्याला टोपली दिली त्यानं मासे खावेत, पण दोर कापला तर त्याला आम्ही चोर म्हणतो!

तंबूवाले टाळ्या पिटू लागले. कॅप्टन हॅलम हसला. न्यायाधीशानं विचारलं की त्या वेळी बाईचं वय काय. मी म्हटलं, भावाच्या पाठीवर होते. तो म्हणाला, मग ही साक्ष ऐकीव. म्हटलं, साहेब, माझे कान काय मागाहून फुटले? पण लेखनिकानं ‘ऐकीव’ लिहून टाकलं होतं.

दादा, शब्द तुम्ही समजत्या वयात ऐकलात. तुमच्याशिवाय ते मानणार नाहीत. आणि शपथेवर उभे राहिलात तर कृपा करून कविता म्हणू नका. अर्धं कोर्ट झोपेल आणि उरलेलं अर्धं हॅलमच्या बाजूला जाईल.

वहिनी असत्या तर त्यांना सांगितलं असतं, आता तुम्हालाच सांगते: पाय शेकत जा. माया कमी पडू देऊ नका, इथं तिचीच टंचाई आहे.

आपली रिपेका

पुकेरिमु, १८ एप्रिल

चि. सौ. रिपेकास, अ. आ.

तुझी टोपली मी दिवसभर मनात घोळवली. शाळेत अशी उपमा कुणी शिकवली नाही गं. तुझ्यावरून मलाही दोन ओळी सुचल्या:

नदी म्हणे काठाला, मी जाते, तू राहा;
काठ म्हणे, जा बाई, पण वळून तरी पाहा.

झोपलीस? ऊठ, कारण पुढचं ऐकून झोप लागणार नाही.

परवा सरकारी मोजणीदार आला. सोबत शिबंदीची माणसं, बंदुका खांद्यावर. जणू मी एकटा म्हातारा त्याची साखळी चावणार होतो. त्यानं गावात एक चक्कर मारली आणि कागदावर लिहिलं ‘निर्जन’. मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, मी जन नाही का? तो म्हणाला, एक माणूस म्हणजे वस्ती नव्हे.

बरं. काल सकाळी मी माझ्या चुलीतले निखारे फुटक्या मडक्यात घेतले आणि घरोघर फिरलो. प्रत्येक दार उघडलं, प्रत्येक चूल पेटवली. ओलं लाकूडही घातलं, मुद्दाम. अख्ख्या गावावर धूर उभा राहिला, तू पाहायला हवं होतंस! बाबांच्या काळासारखा. मी काठावर बसून लहान पोरासारखा रडलो आणि म्हटलं, लिही आता निर्जन.

आज शिबंदी परत आली. सार्जंट म्हणाला, हा धूर डोंगरातल्या बंडखोरांना इशारा आहे. इशारा! चुलीचा! धूर नाही तर गाव निर्जन, धूर आहे तर गाव बंडखोर, आणि बंडखोराची जमीन कायद्यानं सरकारजमा. मग आम्ही श्वास तरी कुठल्या भोकातून सोडायचा?

त्यांनी घरोघर जाऊन चुलींवर पाणी ओतलं. रिपे, तुझ्यापासून लपवत नाही. बादली रावीरीच्या हातात होती. स्वतःच्या आजीच्या चुलीवर त्यानंच पाणी टाकलं. माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या दारापाशी मात्र सार्जंटला म्हणाला की इथं चूल नाहीच, आणि पुढे गेला. ते भीतीनं म्हणाला की मायेनं, देव जाणे. तेवढी एक चूल उरली आहे.

मी इथून हललो तर तीही विझेल. म्हणून येत नाही. रागावू नकोस, रागाला जागा दुसरीकडे भरपूर आहे.

तुझा पारातेने

बंदर, २३ एप्रिल

ती. दादांस, शि. सा. न.

आज विशेष विनंती नाही, आज नुसता संताप आहे.

तो कोट त्याला मीच धुऊन द्यायचे. म्हणायचा, आई, मी सरकारच्या बाजूला उभा राहिलो की आपल्या जमिनीला कुणी हात लावणार नाही. मी मूर्ख, मला ते पटलं. काल तो बंदरात आला तर मी दार उघडलं नाही. बाहेरून हाका मारत होता. मी आत पीठ मळत होते, इतकं मळलं की दगड झालं.

आणि कोर्ट ऐका. हॅलमच्या वकिलानं सकाळी मोजणीदाराचा कागद वाचला की गाव निर्जन आहे. दुपारी सार्जंटचा वाचला की गावात बंडखोर आहेत. मी उठून विचारलं, निर्जन गावात बंड केलं कुणी, कोंबड्यांनी? तंबूवाले हसले आणि मला बाहेर काढलं. न्यायाधीशानं दोन्ही कागद ठेवून घेतले. शेवटी म्हणाला की बापाचे शब्द ज्यानं कळत्या वयात ऐकले तो भाऊ सोमवारी स्वतः उभा राहिला, तर शब्दाचा अर्थ पुन्हा पाहू. नाही तर विकली असं धरून निकाल.

आपल्यापैकी कुणाला परत धाडावं म्हटलं, तर नाव पुकारताना ओ कोण देणार? मलाही कोर्टाच्या पायरीवरून हलता येत नाही, माझा वाटाही त्याच यादीत. दादा, चूल राखलीत तर शब्द जातो, शब्द राखायला आलात तर चूल जाते. फास असाच घालतात, दोन्ही बाजूंनी ओढता येईल असा. मी तुम्हाला या म्हणत नाही आणि येऊ नका असंही म्हणत नाही. तुमचं तुम्ही ठरवा, आणि काहीही ठरवलंत तरी मी तुमचीच.

रिपेका

पुकेरिमु, २५ एप्रिल

चि. सौ. रिपेकास, अ. आ.

काल रात्रभर तुझं पत्र मांडीवर ठेवून बसलो. बाहेर नदी अगदी शाळेच्या पुस्तकातल्यासारखी शांत आहे. मला तिचाही राग आला. सगळं आयुष्य मी सुंदर सुंदर ओळी पाठ करण्यात घालवलं आणि बाबांचा एक साधा शब्द सांभाळायची वेळ आली तेव्हा पायाखाली जमीन नाही.

मी निघायचं ठरवलं आहे. चुलीत मोठा ओंडका घालीन, राखेनं झाकीन, आणि तो किती टिकेल ते न मोजता जाईन. त्यांच्यासमोर तुकू हा शब्द इतक्या मोठ्यानं उच्चारीन की त्या दुभाष्याच्या आईलाही ऐकू जाईल. जमीन जायचीच असेल तर ती चोरली गेली असं त्यांच्याच वहीत लिहवून घेईन. विकली असं लिहू देणार नाही. हे पत्र नावाड्याकडे देऊन त्याच नावेनं येतो, म्हणजे मी आणि पत्र बरोबरच...

थांब. दार वाजतंय. शिबंदी असेल. बूट काही ऐकू आले नाहीत.

उघडून आलो. आता हे कुणाला लिहितोय, कळत नाही, कारण दारात तूच उभी आहेस. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर रताळ्यांची करंडी, आणि आल्या आल्या सुरू झालीस की तिथं माझ्या वाट्याचं नाव पुकारून झालं, गेला वाटा, आणि तुम्ही अजून लिहिताच आहात? खाली नदीत होडी उभी आहे, उठा म्हणतेस. कोर्टात मी ऐकीव ठरले, चुलीपुढे तर नाही ना, असं म्हणून चुलीपाशी ठेवलेली माझी फुंकणी तू उचलूनसुद्धा घेतलीस.