तुमचा पसारा आणि ती खुर्ची

राहुलच्या बाबांना,
सप्रेम जयभीम.

जन्मभर सायकलवरून तुम्ही दुसऱ्यांची पत्रं पोचवलीत. हे पत्र तुम्हाला कोण पोचवणार, ठाऊक नाही. तरी लिहिते आहे, कारण राग आला की तो तुम्हालाच सांगायची मला सवय आहे, आणि ऐकायला तुम्ही नाही.

काल राहुलनं नागपूरहून एक माणूस आणला. जुनं सामान विकत घेतो म्हणे. घरामागच्या छपरीत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो दारातूनच बघत होता. काचा नसलेले कंदील, वात वर होत नाही असे टांगते दिवे, मोडकं स्टूल, आरसा नसलेली आरशाची चौकट. तुम्ही गेल्याला वर्ष होत आलं, पण मी त्यातलं काही हलवलं नाही. हलवून ठेवू तरी कुठं? सगळं अर्धवट टाकून गेलात!

आपल्या अड्याळात लाइट आली तेव्हाचं आठवतं? लोकांनी दिवे गोठ्यात फेकले आणि तुम्ही टपाल देता देता ते मागून आणू लागलात. घरी आलात की चिंच आणि राख घेऊन पितळ घासत बसायचात. माझी वरणातली चिंच त्यात संपायची. एकेका दिव्यात वायर ओवून तुम्ही बल्ब बसवलेत. शेजारपाजारचे बघायला आले. छान दिसत होते, खोटं कशाला बोलू? पण त्याच संध्याकाळी लाइट गेली, आणि घरात रॉकेलवर पेटेल असा एकही दिवा तुम्ही शिल्लक ठेवला नव्हता. चुलीच्या उजेडात मी तुम्हाला जेवायला वाढलं. तुम्ही हसत होतात. मला हसू आलं नव्हतं.

मला पलंग हवा होता. राहुल पोटात होता, जमिनीवरून उठताना कंबर धरायची. पवनीच्या दुकानात मी एक बघूनही ठेवला होता. तुम्ही म्हणालात, नवा कायले, जुन्या सागवानाचा मीच बनवून देतो. पलंगाचे पाय आले. बाकीचा पलंग काही आला नाही.

त्याऐवजी खुर्ची आली.

पलीकडच्या गावची सगळी जमीन ज्यांची, ते मालगुजार घर विकून मुलाकडे शहरात राहायला चालले होते. विकायच्या सामानात त्यांची आरामखुर्ची होती. वेत फाटलेला, मागचा पाय उधईनं खाल्लेला. ती कॅरिअरवर उलटी बांधून तुम्ही अंगणात शिरलात तेव्हा चेहरा जितका खुलला होता, तितका आपल्या लग्नातही नव्हता. मी विचारलं, पलंगाचं काय झालं? तुम्हाला ते ऐकूही आलं नाही.

खरं काय ते मला शेजारच्या काकूंकडून कळलं. मामाजी, म्हणजे तुमचे वडील, उमेदीच्या वयात त्याच मालगुजारांकडे सालदार होते, वर्षाच्या बोलीवर राबायचे. मालक त्या खुर्चीत बसून कामं सांगायचे आणि मामाजी पायरीखाली उन्हात उभे राहून ऐकायचे. ओसरीवर चढायची आपल्या माणसांना मुभा नव्हती. वडिलांची भाकर घेऊन जाताना तुम्ही ते रोज बघायचात. बायकोला एवढं सांगता आलं नसतं का हो? मी वेड्यासारखी पलंगासाठी भांडत राहिले!

तो अख्खा हिवाळा तुम्ही खुर्चीला दिलात. काळं पडलेलं पॉलिश काचपेपरनं घासून काढलंत. खराब पाय कापून तिथं जुन्या दाराच्या चौकटीचं सागवान बसवलंत. वेत पाण्यात भिजवून स्वतः विणलात. चुकला की उसवायचा आणि पुन्हा विणायचा. बोटं चिरली तरी सुताराला बोलावलं नाहीत. मग चपडा लाख आणि स्पिरिटचं पॉलिश. त्या वासानं मला उलट्या व्हायच्या, तेही तुम्हाला दिसलं नाही.

खुर्ची बैठकीत मांडलीत, मामाजींना बोलावलंत आणि म्हणालात, "बाबा, बसा."

मामाजींनी ती ओळखली. तिच्या लांब हातावरून एकदा हात फिरवला. मग खाली भिंतीला टेकून मांडी घालून बसले.

"मले नाही बसाचं त्याच्यात," ते म्हणाले. "त्याईले बसलेलं लय पाहिलं मी. आता मी तसा दिसू काय?"

"तुमच्यासाठीच बनवली न, बाबा."

"माह्या घरात मी कुठं बी बसतो. तेवढं पुरे हाय मले."

तुम्ही सायकल काढून निघून गेलात. कित्येक दिवस बापलेक एकमेकांशी धड बोलत नव्हते, आणि दोघांचे निरोप मी इकडून तिकडे करत होते. तेही दिवस भरत आलेले असताना.

राहुल झाला. एका दुपारी तो रडायचा थांबेना आणि माझी कंबर भरून आली. घरात कोणी नाही असं बघून मी त्या खुर्चीत बसले आणि त्याला पदराखाली घेतलं. तेवढ्यात मामाजी दारात आले. सासऱ्यासमोर सून खुर्चीत! डोक्यावर पदर ओढत मी उठायला लागले. ते पाठ फिरवून तिथंच थांबले.

"उठून काहून राहिली, पोरी? बस," ते म्हणाले.

आणि अंगणात जाऊन बसले. त्या दिवसापासून दुपारी कोणी आलं की ते बाहेरच थोपवायचे. आत सून लेकराला घेऊन बसली आहे, जरा थांबा, असं सांगायचे.

तुम्ही कामावरून आल्यावर मी हे मोठ्या आनंदानं सांगितलं. तुम्ही पायजम्याची क्लिप काढत ऐकलंत आणि म्हणालात, "पण ते सोता तर नाही बसले."

झालं. एवढंच!

पुढं मामाजी गेले. पाहुणे आले की तुम्ही खुर्ची दाखवायचात आणि म्हणायचात, एवढ्या मेहनतीनं बनवली, पण तिच्यात कोणी बसतच नाही. चहा आणताना मी ते ऐकायचे. राहुलला मी तिथं पाजलं, सुजाताला तिथं पाजलं. तुमचे स्वेटर तिथं बसून विणले. तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हा तीच खुर्ची तुमच्या उशाशी ओढून बसत होते. मग मी कोण होते हो? एकदा विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, "तुझी गोष्ट अलग आहे." काय अलग, ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

जन्मभर उभं राहिलेल्या माणसानं मला उठू दिलं नाही. तुमच्या मेहनतीचं याहून मोठं काय व्हायला हवं होतं?

कालच्या माणसाला फक्त खुर्ची हवी होती. बाकी सगळं भंगार, म्हणाला. राहुल म्हणाला, "देऊन टाक न, आई. तिच्यात कोणी बसत नाही, बाबाच म्हणत होते." पोराचा काय दोष? त्यानं तुमचंच ऐकलेलं. मी त्या माणसाला सांगितलं की ही विकायची नाही. तो भाव वाढवायला लागला तशी मी खुर्चीत जाऊन बसले. तो गेला तरी उठले नाही.

आता ऐका. तुमच्या दिव्यांचं मी काही वचन देत नाही. ज्याला हवे त्याला देऊन छपरी मोकळी करणार आहे, मग तुम्ही रागावा. खुर्चीचा वेत एका बाजूनं सुटायला लागलाय, तो मी स्वतः विणीन. आणि राहुल-सुजाताला समोर बसवून त्या खुर्चीची गोष्ट सांगीन. मालगुजारांपासून सांगीन, मामाजींचं सांगीन, तुमच्या चिरलेल्या बोटांचं सांगीन. आणि त्यात माझं नाव गाळणार नाही.

तुमची, अजून रागातच असलेली,
यशोदा